हबचे अंश आणि पायाला जाणवणारे अंश

सायकलचं पेडल थांबवून पुन्हा मारलं की मागचा हब (चाकाचा मधला भाग) पकड घेईपर्यंत क्रँक (पेडल जोडलेला दांडा) थोडा रिकामा फिरतो. हबच्या माहितीत हे अंतर अंशांत दिलेलं असतं: ३६० भागिले एका फेरीतल्या क्लिकची, म्हणजे पकडीच्या जागांची, संख्या. १८ क्लिकचा हब २० अंशांचा, ३६ चा १०, ७२ चा ५, १२० चा ३. आकडा नसेल तर चाक काढा, कॅसेट (मागच्या गिअरचा संच) पाव फेरी उलटी फिरवून क्लिक मोजा आणि चारने गुणा.

पण हे अंश चाकाजवळचे. पायाला जाणवणारे काढायचे तर हबच्या अंशांना मागच्या गिअरच्या दात्यांनी गुणायचं आणि चेनरिंगच्या (क्रँकवरच्या पुढच्या चक्राच्या) दात्यांनी भागायचं. पुढे ३२ आणि मागे ५० असताना १० अंशांचा हब क्रँकवर १५.६ अंशांचा होतो. १७० मिमीच्या क्रँकवर एक अंश म्हणजे जवळपास ३ मिमी, त्यामुळे पेडल जास्तीत जास्त ४६ मिमी रिकामं जातं. मागे १६ चा गिअर असेल तर तोच हब फक्त १५ मिमी घेतो. दर वेळी एवढं अंतर जात नाही, सरासरी निम्मी पडते.

म्हणजे जलद पकडीचा खरा उपयोग सर्वांत हलक्या गिअरमध्ये, दगडांच्या चढावर. तिथे पेडल पूर्ण फिरवलं तर दगडाला आपटतं, म्हणून अर्धवट मागेपुढे करत वर जावं लागतं आणि वेग इतका कमी असतो की ४६ मिमीच्या रिकाम्या फटक्यात तोल जातो. इथे ३६ वरून ७२ वर गेलात तर २३ मिमी वाचतात, आणि हा फरक पहिल्याच चढावर कळतो. १२० वरून इंडस्ट्री नाईनच्या हायड्रासारख्या ६९० क्लिकच्या हबवर गेल्यावर वाचतात साधारण ११ मिमी. ट्रायल्स (पाय न टेकवता अडथळे पार करण्याचा खेळ) करणाऱ्याने त्यासाठी पैसे घालावेत, बाकीच्यांना ७२ ते १२० पुरे. सलग पेडल मारत जाणाऱ्या क्रॉस-कंट्रीला तर ३६ सुद्धा चालतो. पंप ट्रॅकवर, म्हणजे पेडल न मारता उंचवट्यांवर अंग वरखाली करून वेग घेतात तिथे, हा प्रश्नच फारसा येत नाही.

उतारावर गणित उलटतं. सस्पेन्शन दबताना बऱ्याच फ्रेममध्ये मागचा ॲक्सल क्रँकपासून दूर जातो, वरची चेन ताणली जाते आणि कॅसेट पुढे ओढली जाते. ती चाकापेक्षा जोरात फिरू लागली की हब पकड घेतो आणि क्रँकला मागे झटका बसतो. वेगात चाक स्वतःच पुढे पळत असतं, म्हणून झटका क्वचित बसतो. मागचा ब्रेक लॉक होऊन चाक थांबलं की तो ठळक जाणवतो. २० अंशांच्या हबमधली रिकामी जागा तेव्हा बराचसा ताण गिळते. फक्त डाउनहिल करायचं असेल तर १८ किंवा २४ क्लिक घ्या. डीटी स्विसच्या जुन्या स्टार रॅचेट हबमध्ये १८, २४, ३६ आणि ५४ दात्यांच्या रॅचेट जोड्या (एकमेकींत अडकून पकड देणाऱ्या दातेरी चकत्या) अदलाबदल करता येतात, त्यामुळे हब न बदलता प्रयोग होतो. डीटीच्याच नव्या ईएक्सपी हबच्या जोड्या मात्र वेगळ्या, त्या यात बसत नाहीत.

जितके दाते बारीक, तितकी देखभाल काटेकोर हवी, कारण पॉल (दात्यात अडकून पकड देणारी स्प्रिंगवरची खिटी) खोल बसत नाही आणि थोडी घाणही पुरते. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे फ्रीहबमध्ये (हबच्या कॅसेट बसते त्या भागात) बेअरिंगचं घट्ट ग्रीस भरणं. पॉल त्यात चिकटून राहतो, पूर्ण उघडत नाही आणि जोर लावताच सटकतो. पॉलच्या हबला हलकं तेल किंवा पातळ ग्रीस, रॅचेटला त्याचंच खास ग्रीस, तेही पातळ थरात. उघडताना स्प्रिंगची दिशा बघून ठेवा.

जोडल्यावर मागचा ब्रेक दाबून क्रँक थोडा उलटा फिरवा आणि हाताने पुढे जोर द्या. असं आठ-दहा वेळा, दर वेळी चाक थोडं सरकवून करा. एकदा जरी सटकलं, तरी पुन्हा उघडून स्प्रिंग आणि पॉलच्या कडा तपासल्याशिवाय उभं राहून पेडल मारू नका.