दोन तास झाले, आता घरी जा

काल सकाळी बरोबर साडेदहाला माझी मॅनेजर टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. मी साडेआठला आले होते. म्हटलं, एवढं हातातलं संपवते, दहाच मिनिटं. "नाही. दोन तास झाले." एवढं बोलून तिने खुंटीवरचा माझा कोट आणून हातात दिला.

कॅन्सरच्या रजेवरून अकरा महिन्यांनी कामावर आले होते हो मी! आपल्याकडे असं कोणी हातात कोट दिला असता, तर मी त्याचा अर्थ 'उद्यापासून येऊ नका' असाच घेतला असता.

इथे जर्मनीत याला हांबुर्गर मोडेल म्हणतात. (नवऱ्याचे विनोद ऐकून झालेत, तुम्ही करू नका.) मोठ्या आजारपणानंतर थेट आठ तास कामाला बसायचं नाही. डॉक्टर वेळापत्रक लिहून देतात. माझं असं आहे: पहिले दोन आठवडे रोज दोन तास, पुढचे दोन आठवडे चार, मग सहा, मग पूर्ण दिवस. गंमत म्हणजे तोवर कागदोपत्री मी आजारीच. पगार सुरू नाही, कंपनी माझ्याकडून ठरल्यापेक्षा जास्त कामाची अपेक्षा करू शकत नाही, आणि घर चालायला पैसे विमा देतो. रिहॅब, म्हणजे उपचारांनंतर ताकद परत मिळवायचा कार्यक्रम, संपल्यावर मी लगेच सुरुवात केली, म्हणून माझ्या बाबतीत ते पेन्शन विम्याकडून येतात.

हे सगळं चांगलंच आहे. मग कोट हातात घेताना माझा चेहरा का पडला?

फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रेस्ट कॅन्सरचं निदान झालं. मार्चमध्ये केमो सुरू झाली. केमोबरोबर स्टेरॉइड देतात, त्याने रात्री तीनला डोळे टक्क उघडे. अशाच एका रात्री मी लॅपटॉप उघडून चार ईमेलना उत्तरं दिली. खरं सांगते, त्या तासाभरात मला फार बरं वाटलं. सकाळी एचआरमधल्या बाईंचा फोन. अतिशय गोड आवाजात, पण मुद्दा एकच: तुम्ही आजारी आहात. आजारी माणूस काम करत नाही. दुपारपर्यंत माझं लॉगिन बंद झालं होतं.

केस गळले तेव्हा मी रडले नाही. लॉगिन गेल्यावर मात्र अर्धा तास बाथरूममध्ये बसून रडले.

याचं मूळ सांगलीत आहे. माझे बाबा एसटीत कंडक्टर. २००९ साली त्यांना घशाचा कॅन्सर झाला. तेव्हा राजीव गांधी जीवनदायी योजनाही नव्हती. साठवलेल्या रजा संपल्या, मग बिनपगारी. पतसंस्थेचं कर्ज काढलं, आईच्या पाटल्या गेल्या. मिरजेला रेडिएशन घेऊन बाबा एसटीनेच घरी यायचे, आणि आवाज पुरता परतायच्या आधी गळ्याला मफलर गुंडाळून तिकीट फाडायला उभे राहिले. आमच्या घरात ही गोष्ट अजून अभिमानाने सांगितली जाते. मीही सांगते. इथल्या सोशल वर्कर बाईंनाही सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांना दुसरा काही पर्याय होता का?" मला राग आला. आमच्या बाबांची कीव करायची नाही! पण उत्तर काही सुचलं नाही.

आता पैशांचं, कारण फोनवर सगळे आडून आडून तेच विचारतात. पहिले सहा आठवडे कंपनीने पूर्ण पगार दिला. तो कायदाच आहे. त्यानंतर आरोग्य विमा क्रांकनगेल्ट देतो, म्हणजे आजारपणाचे पैसे: ढोबळ पगाराच्या ७० टक्के, पण हातात येणाऱ्या पगाराच्या ९० टक्क्यांच्या वर नाही. एकाच आजारासाठी तीन वर्षांत ७८ आठवडे, त्यात कंपनीचे सहा धरलेले. ऐकायला मस्त. पण वरची मर्यादा आहे. २०२४ मध्ये ती दिवसाला १२०.७५ युरो होती आणि त्यातूनही पेन्शन वगैरेची कपात होते. आयटीतला पगार असला की खड्डा जाणवतो. पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता काही ७० टक्के होत नाही! दोन वेळा तो नवऱ्याच्या बचतीतून भरला. शिवाय हे पैसे करमुक्त म्हणायचे, पण बाकीच्या उत्पन्नावरचा कराचा दर ठरवताना तेही धरायचे, आणि कर विवरणपत्र भरणं सक्तीचं. बरं, डॉक्टरच्या दाखल्यात एका दिवसाचीही फट पडता कामा नये, नाहीतर तेवढे पैसे अडकतात. केमोच्या उलट्या सांभाळत मी कॅलेंडरवर दाखल्याच्या तारखा लाल पेनाने गोल करत होते. शिस्तीचा देश वगैरे ठीक, पण ती शिस्त आजाऱ्यानेच पाळायची हे जरा अतीच.

आणि उपचारांचं बिल? ते मी पाहिलंच नाही. ऑपरेशनसाठी चार दिवस होते, दिवसाला १० युरोप्रमाणे ४० युरो भरले. औषधांना पाच ते दहा युरो. केमोला जायला टॅक्सीसुद्धा विम्याची, आपण फेरीमागे फार तर दहा युरो द्यायचे. हा सगळा वाटा वर्षाला घरच्या उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या वर जात नाही, आजार दीर्घकाळचा ठरला तर एकच टक्का. नवऱ्याने पावत्यांची फाइल केली होती, लग्नाच्या आहेराच्या वहीसारखी.

हे सगळं मी कौतुकाने कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं. कुपवाड एमआयडीसीत असलेल्या मामेभावाचं उत्तर आलं: "ताई, आमच्याकडे पण आहे की. ईएसआयमध्ये कॅन्सरला ८० टक्के पगार मिळतो, दोन वर्षांपर्यंत." कामगारांच्या या सरकारी विम्याबद्दल मी शोधून पाहिलं. बरोबर होता तो. दोन वर्षं नोकरी झालेली हवी वगैरे अटी आहेत, पण ८० टक्के! इथल्यापेक्षा दहा जास्त. मग मी जरा घाईनेच लिहिलं की ते महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांनाच. त्याने अंगठा पाठवला. नंतर लक्षात आलं, ज्या पगारावर आमचं घर चाललं त्या पगाराच्या माणसांसाठीच ती सोय आहे, आणि ती मला जर्मनीत बसून कळतेय.

आईचं वेगळंच. कॅन्सरनंतर इथे दिव्यांगाचं कार्ड मिळतं, अपंगत्वाच्या शंभरपर्यंतच्या मोजपट्टीवर माझं ५० चं आहे. वर्षाला पाच दिवस जास्तीची रजा, नोकरीवरून काढायचं तर कंपनीला आधी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. व्हिसा नोकरीला बांधलेला असलेल्या बाईला याची किंमत विचारा. आई म्हणाली, "अपंगाचं कार्ड? हे आत्याला सांगू नकोस." मी सांगितलं नाही. आता ती इथे वाचेल, वाचू दे. (आत्या, बरी आहे मी.)

आजार काय आहे हे कंपनीला कळवायची इथे सक्ती नाही, कंपनीकडे दाखल्याच्या फक्त तारखा जातात. मी मात्र पहिल्याच दिवशी अख्ख्या टीमला सांगून मोकळी झाले. आमच्याच मजल्यावरच्या एका बाईंनी नंतर कॉफी मशीनपाशी हळूच सांगितलं, "मलाही होता, सहा वर्षांपूर्वी." कोणालाच माहीत नव्हतं. मला ते तेव्हा फार एकटं वाटलं. पण अकरा महिने रोज "आता कसं वाटतंय" याला उत्तरं देऊन झाल्यावर आता त्यांचं बरोबर वाटतं.

"तिकडे तुझं कोण आहे, इकडे ये, मुंबईला टाटात दाखवू," असं निदान झाल्यावर सगळे म्हणत होते. मी आले नाही. कारण विमा इथला, पगार इथला. आणि आईसमोर आजारी पडायची मला भीती वाटत होती, हेही कारण होतंच. ते तेव्हा सांगितलं नव्हतं.

काल पावणेअकराला घरी पोचले. फोनवर आईने विचारलं, "दोन तासांत काय काम होतं गं?" म्हटलं, काही नाही, हजेरी. मग दुपारी तीनपर्यंत मेल्यासारखी झोपले.

सोमवारपासून चार तास. मॅनेजरने आत्ताच कॅलेंडरमध्ये रोज साडेबाराची एक मीटिंग टाकली आहे. विषयाच्या रकान्यात लिहिलंय: कोट.