हातात हलकं लागलं म्हणून

भरताचं वांगं कसं निवडायचं, हे मला आजीनं शिकवलं. बामणोदकडची ती मोठाली हिरवी वांगी बाजारात आली की ती एकेक उचलून तोलायची. दिसायला मोठं आणि हातात हलकं, तेच घ्यायचं. जड म्हणजे आत नुसत्या बिया.

पुस्तकालाही मी हाच नियम लावला आणि फसलो.

बारावीपर्यंत गणित आवडायचं. पुढे कॉमर्स, मग जिनिंगमध्ये हिशेब लिहिणं. चाळिशीला आल्यावर ठरवलं, राहिलेलं गणित घरीच शिकू. पुण्याहून वॉल्टर रूडिनचं अ‍ॅनालिसिसवरचं, म्हणजे कॅल्क्युलसमागच्या सिद्धतांचं, पुस्तक आणलं. 1953 पासून जगभर नावाजलेलं, आणि साडेतीनशे पानांच्या आतलं! सुरुवातीलाच, कुठल्याही अपूर्णांकाचा वर्ग 2 येत नाही, याची सिद्धता. ती समजली. त्यानंतर मात्र दर दोन ओळींच्या मध्ये लेखकानं गिळून टाकलेल्या दहा ओळी. मागे उत्तरंही नाहीत. सगळ्या बियाच.

मग मायकेल स्पिवाकचं ‘कॅल्क्युलस’ घेतलं, 1967 चं. उशाला घ्यावं एवढं जाड. त्यातला पहिलाच प्रश्न : अ शून्य नाही आणि अ गुणिले क्ष बरोबर अ, तर क्ष 1 असतो हे सिद्ध करा. वीस वर्षं खतावण्या लिहिणाऱ्याला हे विचारायचं? दोन्हीकडे अ नं भागून मी मोकळा झालो. मग लक्षात आलं, वापरायचे ते फक्त वर दिलेले नियम, आणि त्यांत भागाकार कुठेच नाही. अ ची व्यस्त संख्या घ्यायची, तिनं गुणायचं, कंस हलवायचा, प्रत्येक पायरीला कारण द्यायचं. चार ओळींना अख्खी संध्याकाळ गेली. बायकोनं दोनदा जेवायला हाक मारली म्हणे.

आता दुकानात गेलो की प्रस्तावना वाचत नाही, पहिल्या प्रकरणाची उदाहरणं उघडतो. सगळी आली किंवा एकही नाही आलं, तर पुस्तक परत फळीवर. एखादं गाडीवरून घरी येईपर्यंत डोक्यात कुरतडत राहिलं, तर दुसऱ्या दिवशी जाऊन घ्यायचं.

चाळीसगावजवळ पाटण्याला शके 1128 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढला, त्याचा. त्या मठातल्या पोरांचा हेवा वाटतो. पुस्तक निवडायची कटकटच नाही!

‘लीलावती’ मात्र मीही आणली. त्यात वाऱ्यानं मोडलेला वेळू आहे : उंची 32 हात, शेंडा बुडापासून 16 हातांवर टेकला. कुठे मोडला? आणि विचारताना आचार्य हाक मारतात, ‘गणक’. गणक! इतक्या मानानं मला आजवर कुणी हाक मारली नव्हती, शेठजींनीसुद्धा नाही. काट्यावर कापसाची गाडी चढत होती. ती उतरेपर्यंत पावतीच्या मागच्या बाजूला 12 हात आलं.