पावसाळ्यातील अंथरुणे-पांघरुणे आणि कपाटातला कुबट वास

कोकणात मृग लागला की घरातील अंथरुणे-पांघरुणे सर्दावू लागतात आणि आषाढ अर्धा सरेपर्यंत कपाट उघडताच कुबट वास येतो. त्यावर बहुतेक घरांत डांबरगोळ्या टाकल्या जातात. माझ्या मते हा भलत्याच दुखण्यावरचा उपाय आहे, कारण डांबरगोळी कसरीला, म्हणजे कापड खाणाऱ्या किडीला, दूर ठेवते, ओल शोषत नाही. उलट कुबट वासात तिच्या उग्र वासाची भर पडते. वेखंड, कापूर किंवा कडुनिंबाचा पाला यांचीही गोष्ट फारशी वेगळी नाही.

मूळ अडचण कपाटात नसून आपण त्यात जे ठेवतो त्यात असते. सुती कापड हाताला कोरडे लागले तरी त्यात थोडे पाणी असतेच. हवेतील सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवा जेवढी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे ते प्रमाण, 65 टक्के असताना कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे 8 टक्के पाणी धरून राहतो आणि जुलैत किनारपट्टीवर आर्द्रता 85 टक्क्यांच्या पुढे गेली की हे प्रमाण आणखी वाढते. अशी चादर घडी करून बंद कपाटात ठेवली, की घडीच्या आतल्या भागाला वारा मिळत नाही आणि बुरशीला हवी तशी जागा आयती तयार होते.

म्हणून पावसाळ्यात वाळवण्याचा शेवटचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो उष्णतेवाचून पुरा होत नाही. 27 अंश तापमानाची, 90 टक्के आर्द्रतेची हवा 32 अंशांपर्यंत तापवली, तर पाण्याची वाफ तेवढीच राहूनही सापेक्ष आर्द्रता 70 टक्क्यांच्या खाली येते. बाळाची दुपटी शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवण्याच्या जुन्या पद्धतीमागे हेच तत्त्व होते. आज ते काम इस्त्री करते. मात्र इस्त्री केलेली चादर गरम असतानाच घडी करू नये, पंख्याखाली पसरून पूर्ण निवू द्यावी, नाहीतर कापडातून निघणारी वाफ घडीतच कोंडते. वातानुकूलन यंत्र असल्यास त्याची आर्द्रता कमी करण्याची सोय याच कामासाठी तासभर वापरणे मला उधळपट्टी वाटत नाही. कपाटात विजेचा दिवा जळत ठेवण्याची काही घरांतील सवय मात्र कापडाला आग लागण्याच्या भीतीने सोडून द्यावी, हे बरे.

टॉवेलांचा प्रश्न वेगळा आहे. जाड, लोंबत्या धाग्यांचा टॉवेल दिवसभरात वाळत नाही, आणि ओलसर राहिलेल्या कापडावर वाढणारे जीवाणू तो आंबूस वास निर्माण करतात; एकदा तो मुरला की साध्या धुण्याने जात नाही, कडकडीत गरम पाणी लागते. त्यामुळे आमच्याकडे ज्येष्ठ ते भाद्रपद पातळ सुती पंचेच वापरात असतात. ते दोरीवर दुमडून न टाकता दोन दोऱ्यांवर ताणून घातले, तर दोन्ही बाजूंना वारा लागतो. मऊपणासाठी वापरले जाणारे सुगंधी द्रव या दिवसांत टाळलेलेच चांगले, कारण त्याचा थर धाग्यांवर बसून कापडाची पाणी टिपण्याची शक्ती घटते. खळ घातलेल्या चादरी आणि अभ्रे तर पावसाळाभर ठेवूच नयेत. खळ म्हणजे पिष्ट (स्टार्च), आणि ते बुरशीचे अन्नच.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये, मध्ये चार बोटे जागा सोडावी. गणपतीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या सोलापुरी चादरी आणि दुलया अगदी आदल्या दिवशी काढण्याऐवजी श्रावणात ऊन पडेल त्या दुपारी बाहेर काढाव्यात, दोन्ही बाजूंनी उन्हात ठेवाव्यात आणि सूर्य कलण्यापूर्वीच आत आणाव्यात, कारण संध्याकाळी हवा गार झाली की त्या पुन्हा ओल धरू लागतात.