ग्राउंड सराव, अपडेट ७: माझं ‘होल्ड शॉर्ट’ गेलं कुठे?

मी सिम्युलेटरवर ग्राउंड कंट्रोलरचा, म्हणजे जमिनीवरच्या विमानांना वाट सांगणाऱ्याचा, सराव करतोय. मागच्या अपडेटमध्ये मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की ग्राउंडचा चेक आता हातचा मळ. तर चेक झाला आणि बाविसाव्या मिनिटाला मेंटरने थांबवला. रनवे इनकर्जन, म्हणजे परवानगी नसताना विमान रनवेवर. टॉवरवाल्याने शॉर्ट फायनलवरच्या, म्हणजे उतरायच्या अगदी बेतात आलेल्या, विमानाला गो-अराउंड (न उतरता परत वर जा) दिला म्हणून बरं, नाहीतर स्क्रीनवर दोन ठिपक्यांचा एकच झाला असता.

झालं असं की फोर फाइव्ह टू या विमानाच्या पायलटला मी सांगितलं, अल्फा, चार्ली या टॅक्सीवेंवरून रनवे थ्री सिक्सच्या होल्डिंग पॉइंटला (रनवेआधीची थांबायची जागा) टॅक्सी, होल्ड शॉर्ट रनवे टू सेव्हन, म्हणजे वाटेतल्या टू सेव्हनच्या अलीकडे थांब. त्याने रीडबॅक दिला (सूचना परत म्हणून दाखवली), मी ‘करेक्ट’ म्हटलं, आणि हा बाबा न थांबता टू सेव्हन ओलांडून पलीकडे. मी खेकसलो त्याच्यावर (माइक बंद होता, एवढी अक्कल आहे). नंतर चॅटवर विचारलं तर म्हणे तुम्ही होल्ड शॉर्ट म्हणालाच नाहीत.

रात्री रेकॉर्डिंग काढलं. त्याच्या रीडबॅकमध्ये होल्ड शॉर्ट नाहीच! मी तीनदा ऐकलं आणि पहिल्या दोन वेळेला मला ते शब्द चक्क ऐकू आले, कारण मला ते अपेक्षित होते. हिअरबॅक एरर म्हणतात ते हेच, वाचलं शंभरदा असेल, स्वतःच्या कानाने पकडलं पहिल्यांदाच. मग वाटलं, चला, चूक सापडली, त्याने अर्धा रीडबॅक दिला आणि मी तो पास केला.

पण त्याचं वाक्य अडखळत नव्हतं हो, पूर्ण वाटत होतं. म्हणून त्याच्या बाजूची फाइल मागवली आणि ऑडॅसिटी या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये माझ्या फाइलखाली लावली. माझ्या लोकल फाइलमध्ये वाक्य शेवटपर्यंत आहे. त्याच्याकडे ‘थ्री सिक्स, हो’ आणि टक्. पुढे शांतता. म्हणजे तो खरं बोलत होता, माझाच आवाज पुढे गेला नव्हता.

दोन दिवस पीटीटी पेडलला (पायाने दाबून धरलं तरच आवाज पुढे जातो ते) शिव्या घातल्या. स्विच बदलला, वायर बदलली, काही फरक नाही. शेवटी फोन टेबलाखाली ठेवून स्वतःच्या पायाचा व्हिडिओ काढला आणि हसावं की रडावं कळेना. पुढची स्ट्रिप (प्रत्येक विमानाची नोंद लिहायची पट्टी) उचलायला उजवीकडे वाकलो की टाच टेकते आणि पंजा उचलला जातो. बोलणं चालू, ट्रान्समिशन बंद. हेडसेटच्या साइडटोनमुळे स्वतःचा आवाज कानात येतच राहतो म्हणून शंकाही येत नाही. साइडटोन ही सोय नाही, थाप आहे असं माझं स्पष्ट मत झालंय. मी तो बंद केला, थोडं बहिऱ्यासारखं वाटतं पण परवडलं.

आणि ‘करेक्ट’ म्हणताना काय करत होतो? तीच उचललेली स्ट्रिप लिहीत होतो. म्हणजे एका स्ट्रिपपायी पाय पण गेला आणि कान पण.

यावर टेनेरिफचा विमान अपघात आठवल्याशिवाय राहत नाही. २७ मार्च १९७७, धुकं, रनवेवरच केएलएम आणि पॅन अॅमची दोन जम्बो आदळली, ५८३ माणसं गेली. कंट्रोलरचं ‘ओके’ केएलएमच्या कॉकपिटमध्ये नीट पोचलं, पण त्यापुढचं ‘टेकऑफसाठी थांबा, मी बोलावतो’ हे पॅन अॅमच्या त्याच क्षणीच्या ट्रान्समिशनवर आदळून शिट्टीसारखं झालं. पोचलं ते गोड, गेलं ते महत्त्वाचं.

आता उपाय. पहिला सोपा, रीडबॅक संपेपर्यंत पेन टेबलावर, आणि होल्ड शॉर्ट कानावर पडलं तरच स्ट्रिपवर लाल टिक. कालच्या सेशनला एक अर्धवट रीडबॅक यानेच पकडला, काय आनंद झाला म्हणून सांगू. दुसरा उपाय म्हणून पेडलऐवजी हातातलं बटण घेणार होतो...

थांबा, हे लिहितानाच डोक्यात आलं. बटण कशाला, वाक्यच उलटं बांधलं तर? मी लिमिट, म्हणजे कुठपर्यंत जायचं ती हद्द, रनवेपलीकडची दिली आणि अडवणारे शब्द शेपटीला लावले, शेपूट तुटलं की उरतं ते थेट पलीकडे जा. त्याऐवजी लिमिटच टू सेव्हनच्या अलीकडची, ‘टॅक्सी टू होल्डिंग पॉइंट चार्ली टू, व्हाया अल्फा’, आणि क्रॉसिंग नंतर वेगळं. शेपूट तुटलं तरी विमान अलीकडेच थांबणार. शिवाय अमेरिकेत ३० जून २०१० पर्यंत नुसत्या ‘टॅक्सी टू’मध्ये वाटेतले रनवे ओलांडायची परवानगी धरलेलीच असायची, जुन्या सवयीचे सिमवाले अजून तसंच समजतात, त्यांचाही प्रश्न मिटला. अर्थात स्पष्ट परवानगी नसताना रनवे समोर आल्यावर फोर फाइव्ह टूने विचारायला हवं होतं, हे माझं मत कायम आहे.

आणखी एक, ‘नंबर वन’ (रांगेत तू पहिला) म्हणायची सवय मोडतोय. टोकियोच्या हानेदा विमानतळावर २ जानेवारी २०२४ ला कोस्ट गार्डच्या विमानाला ‘नंबर वन, होल्डिंग पॉइंट सी फाइव्ह’ एवढंच सांगितलं होतं, रीडबॅकही बरोबर आला, तरी ते रनवेवर गेलं. बरोबर रीडबॅकवर माझी लाल टिक काय करणार, ते अजून सुचलेलं नाही.

तर हातातल्या बटणाची ऑर्डर रद्द केली. पेडलखाली टाचेला लाकडी पाचर ठोकली आहे, फोटो पुढच्या वेळी. शनिवारी परत चेक, मेंटर म्हणतोय धुकं लावतो.