घर बंद, तरी दिवस वसूल: जॉन्सनची रँच

आई-बाबा सध्या ऑस्टिनला आमच्याकडे आलेत, मॉल बघून बघून कंटाळले, म्हणून शनिवारी अमेरिकेचा साठच्या दशकातला प्रेसिडेंट लिंडन जॉन्सन याची घरं दाखवायला नेलं. हायवे 290 ने तासाभरात जॉन्सन सिटी येतं, रँच (म्हणजे गुरांचं मोठं शेत) तिथून अजून 14 मैल पुढे, स्टोनवॉलला.

आधीच सांगून ठेवतो, रँचवरचं मोठं घर, ज्याला टेक्सास व्हाइट हाउस म्हणायचे, ते 2018 मध्ये इमारत धोकादायक झाली म्हणून बंद केलं आणि आम्हालाही बाहेरूनच बघावं लागलं. बाबांचा मूड गेला. पण शेजारी जॉन्सनचं छोटं जेटस्टार विमान उभंय, प्रेसिडेंटचं मोठं बोइंग, म्हणजे एअर फोर्स वन, या धावपट्टीवर उतरायचं नाही म्हणून हे, आणि तो याला गमतीत एअर फोर्स वन-हाफ म्हणायचा, हे ऐकल्यावर बाबा जरा खुलले 😄

मला खरं आवडलं ते म्हणजे सगळं एका नदीकाठी आहे. जन्मघर (मूळचं पाडलेलं, 1964 मध्ये यानेच परत बांधून घेतलं, प्रेसिडेंट असताना!), चौथ्या वर्षी ज्या एका खोलीच्या शाळेत बसला ती शाळा, रँच, आणि ओकच्या झाडांखाली त्याची कबर, शेजारी बायकोची. गाडीने पाच-दहा मिनिटांत माणसाचं अख्खं आयुष्य. 1965 मध्ये शिक्षणाच्या मोठ्या कायद्यावर त्याने सही या शाळेसमोरच केली, आणि लहानपणीच्या बाईंना शेजारी बसवून घेतलं. आई शाळेत शिकवायची, ती तिथून हलेचना.

त्याच वर्षी त्याने इमिग्रेशनच्या कायद्यावर पण सही केली, मूळ देश बघून ठरवलेला जुना कोटा गेला आणि आपल्या लोकांना इकडचं दार उघडलं. बाबांना म्हटलं, आपण इथे उभे आहोत ते थोडंफार याच्यामुळे. ते म्हणाले, मग फोटो काढ.

जाणार असाल तर आधी रँच करा, जॉन्सन सिटी नंतर. रँचमध्ये गाडी न्यायला परमिट लागतं, फुकट असतं, पण ते समोरच्या स्टेट पार्कच्या व्हिजिटर सेंटरमधून घ्यायचं, आम्ही थेट गेटवर गेलो आणि परत फिरलो. नॅशनल पार्क सर्व्हिसचं (ही जागा सांभाळणारं सरकारी खातं) ॲप घरूनच डाऊनलोड करा, मला मध्येच रेंज नव्हती. पाणी आणि टोपी लागतेच, उन्हाळ्यात सावली फक्त झाडाखाली. स्टेट पार्कमध्येच जुन्या जर्मन शेतकऱ्यांचं फार्म आहे, जुन्या काळच्या कपड्यातली माणसं चुलीवर रांधतात, मुलं असतील तर तिथे तास जातो, धरूनच चाला.

जॉन्सन सिटीचं लहानपणचं घर शेवटी केलं. साधं लाकडी, ओसरीवाले, 1937 मध्ये काँग्रेसच्या (अमेरिकेच्या संसदेच्या) निवडणुकीला उभा राहतोय हे त्याने या ओसरीतूनच जाहीर केलं. आईला मात्र स्वयंपाकघरच बघायचं होतं. वीज नव्हती तेव्हा घरात, ती म्हणाली, आमच्याकडेही नव्हती गं, यात काय मोठं. आणि परत येताना 290 वरच्या स्टॉलवर पीच घेतले, अर्धे गाडीतच संपले.