काळा आधी संपतो

परवा दुपारी भाची रंगपेटी घेऊन आली. "मामा, काळा संपला." जांभळा, पोपटी अगदी कोरे, आणि काळ्याच्या खाचेत नुसता पांढरा तळ. साहजिक आहे. केसांना काळा, कावळ्याला काळा, रस्त्याला काळा, आणि शेवटी सगळ्याला भोवतीने रेघ काळी.

तिच्या चित्रकलेच्या बाईंना मात्र काळा चालत नाही. सावलीत काळा घातला की चित्र मळतं. निळ्यात तपकिरी मिसळायचा. एलिमेंटरीच्या परीक्षेआधी आमच्या सरांनीही हेच बजावलं होतं. या सोवळ्याचं बरंचसं मूळ फ्रान्समधल्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांकडे जातं. सावलीतही त्यांना निळं-जांभळंच दिसायचं.

आणि त्याच फ्रान्सात पिएर सुलाज हा चित्रकार निपजला. जन्म 1919, गाव रोदेज. लहानपणी कागदावर काळ्या शाईचे फटकारे मारत बसला होता. काय काढतोयस विचारलं तर म्हणाला, बर्फ. पुढे 1979 मध्ये एक चित्र काही केल्या जमेना. कॅनव्हासवर काळाच काळा साचत गेला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण आता काळ्याने रंगवत नाही आहोत, त्यावर पडणाऱ्या उजेडाने रंगवतोय. मग त्याने जाड काळ्या थरात कुठे खोल चऱ्या ओढल्या, कुठे गुळगुळीत पट्टे ठेवले, आणि 2022 साली वयाच्या 102 व्या वर्षी जाईपर्यंत हा नाद सोडला नाही.

मला हे कळतं ते शाळेच्या फळ्यामुळे. शनिवारी फळा काळा करायचं काम मुलांकडे असे. कोळसा कुटायचा, जुन्या सेलमधली काळी पूड काढायची, कुंपणावरच्या कसल्याशा वेलाचा पाला चुरडायचा आणि चिंधीच्या बोळ्याने घासत सुटायचं. कोपरापर्यंत काळे हात. उंच पोरं वरून खाली ओढायची, बुटकी आडवं, आणि यावरून भांडणं. फळा वाळला की दारातून येणाऱ्या उजेडात आडवे पट्टे लखलखायचे, उभे विझलेले राहायचे. डावीकडच्या ओळीला उजवीकडचं गणित दिसायचं नाही. जरा मान कलती केली की उलट. गुरुजी ओरडायचे, "अरे, एकाच अंगाने घासा!"

सुलाज ओरडला नसता.

म्हणून त्याची चित्रं फोनवर बघणं मी सोडून दिलंय. फोटोत एक तर डांबर दिसतं नाहीतर चकाकी. त्या चित्रांसमोरून चालावं लागतं, इकडून तिकडे, मान कलती करत. रोदेजला 2014 पासून त्याचं संग्रहालय आहे. आमचं तिकडे जाणं होणं कठीणच.

आपले चित्रकार सय्यद हैदर रझा, त्यांचा काळा वेगळा. लहानपणी मन लागेना म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघत बसवलं, असं ते सांगायचे. नागपूर, जे. जे. करून तेही 1950 साली फ्रान्सला गेले आणि दशकंच्या दशकं तिथे राहिले. त्यांचा काळा बिंदू मात्र उजेड परत फेकत नाही, आत ओढतो. मला तो फार वेळ बघवत नाही. का, ते सांगता येणार नाही.

आणि रशियन चित्रकार मालेविच. 1915 साली पेट्रोग्राडच्या प्रदर्शनात त्याने काळा चौकोन भिंतीवर न लावता दोन भिंतींच्या कोपऱ्यात, वर टांगला. रशियन घरात तिथे देवाची तसबीर असते. "हे तर मीही काढीन" हे वाक्य या चौकोनाने जितकं ऐकलं असेल, तितकं क्वचितच दुसऱ्या कुठल्या चित्राने. आता त्याला तडे गेलेत आणि तड्यांतून खालचे रंग डोकावतात. त्याखाली आधीची रंगीत चित्रं आहेत हे तपासणीत निघालं. 1935 साली मालेविच गेला तेव्हा त्याच्या देहामागच्या भिंतीवर काळा चौकोन होता, अंत्ययात्रेच्या गाडीच्या पुढे काळा चौकोन होता, आणि जिथे रक्षा पुरली तिथल्या खुणेवरही काळा चौकोनच. पुढे युद्धात ती खूण गेली.