मनाचं की ॲलर्जीचं? तुम्ही विचारलंत म्हणून

लिफ्टमधल्या अत्तरानं डोकं ठणकायला लागलं, जिन्यात फिनेल टाकल्यावर छाती आवळली, की प्रश्न ठरलेला: ‘ही खरी ॲलर्जी, की सगळं मनाचं?’ विचारणारे भले असतात. पण त्या वाक्यात ‘मनाचं’ म्हणजे ‘काही नाही’ असंच धरलेलं असतं. माझं भांडण तिथं आहे.

आधी तुमच्या बाजूचं कबूल करते. वासाचा त्रास ही बहुतेक वेळा ॲलर्जी नसतेच. ॲलर्जीत शरीर एखाद्या प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं, म्हणजे त्याच्याशी लढणारी द्रव्यं, तयार करतं. मुंबईच्या घरांत ही प्रथिनं गादीतल्या धूळकिड्यांची, झुरळांची, ओल आलेल्या भिंतीवरच्या बुरशीची. थिनर, फिनेल, अत्तर यांचं तसं नाही. ती नाकातल्या मज्जातंतूंना आणि श्वासनलिकांना डिवचतात. म्हणून प्रिक टेस्ट, म्हणजे कातडीला टोचून करायची ॲलर्जीची चाचणी, कोरी येते आणि घरातले म्हणतात, ‘बघ, काही नाही.’ धूळकिडा शोधणाऱ्या टेस्टनं फिनेलबद्दल काय सांगावं? शिवाय टेस्टच्या आधी साधारण आठवडाभर सेट्रिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. डॉक्सेपिन, ॲमिट्रिप्टिलिन ही नैराश्यावरची औषधंही ॲलर्जीत खाज-सूज आणणारं हिस्टामिन अडवतात, त्यामुळे खरी ॲलर्जीसुद्धा टेस्टमध्ये दबून जाते. ती आपल्या मनानं बंद करायची नाहीत, पण टेस्ट करणाऱ्याला सांगायचीच. मानसोपचाराची गोळी लोक लपवतात, आणि घोळ इथूनच सुरू होतो.

आता मला न आवडणारी गोष्ट. मार्क कलन या डॉक्टरांनी 1987 साली ‘मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी’ची, म्हणजे अनेक रसायनांच्या थोड्याशा संपर्कानंही होणाऱ्या त्रासाची, व्याख्या केली. अशा रुग्णांना काय दिलंय ते न सांगता कधी रसायन, कधी साधी हवा देऊन पाहिलेल्या चाचण्यांचा आढावा 2006 साली घेतला गेला. रुग्णांना फरक ओळखता येत होता तेव्हा त्रास झाला. वास झाकला की दोन्हींत फरक उरला नाही. हे वाचून लोक जिंकल्यासारखे बघतात. थांबा जरा. बेल्जियममध्ये लूव्हेनला ओमेर व्हॅन डेन बर्ग या मानसशास्त्रज्ञांच्या गटानं एक घाण वास आणि कार्बन डायऑक्साइड वाढवलेली हवा काही वेळा एकत्र दिली. त्या हवेनं दम कुणालाही लागतो. मग नुसता वास दिला, तरी श्वासाची तक्रार आली. शरीर शिकलं होतं, आणि शिकलेला त्रास खोटा नसतो. तोच वास पुन्हा पुन्हा साध्या हवेबरोबर दिल्यावर तक्रार ओसरली, हेही तितकंच महत्त्वाचं. ‘प्रत्येक वास टाळा’ असं मी पूर्वी ठासून सांगायचे. दमेकऱ्याला ते अजूनही सांगेन. पण टाळत गेलं की शिकलेली भीती पक्की होते, आणि कुणाला कधी काय सांगावं यावर माझं माझ्याशीच एकमत झालेलं नाही.

आणि ॲलर्जीच्या औषधांनी मन बिघडतं तेव्हा? आमच्या इमारतीतल्या सात वर्षांच्या मुलाचं सांगते. पावसाळ्यात खोकला, पलंग जिला टेकवलेला ती भिंत ओलीनं काळी पडलेली. रात्री चघळायची मॉन्टेलुकास्ट या दमा-ॲलर्जीवरच्या औषधाची 5 मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. खोकला कमी झाला. मग पोरगं रात्री किंचाळून उठायला लागलं, एकट्यानं बाथरूमला जाईना, शाळेत बारीकसारीक गोष्टीवर रडू लागलं. आजीनं दृष्ट काढली. शाळेतल्या बाईंनी समुपदेशन सुचवलं. नातेवाइकांनी आईच्या नोकरीवर बोट ठेवलं. ती माउली नोकरी सोडायला निघाली होती. गोळी कधीपासून, हे कुणीच विचारलं नाही, कारण गोळी खोकल्याची आणि रडणं मनाचं. शेवटी आईनंच औषधाच्या दुकानाचं बिल आणि शाळेच्या वहीतल्या तक्रारी शेजारी ठेवल्या. डॉक्टरांनी गोळी थांबवली, स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या नळकांड्यातून) दिला जाणारा स्टिरॉइडचा पंप मात्र चालू ठेवला. काही आठवड्यांत झोप सुधारली. गोळीनंच झालं, हे एका मुलावरून सिद्ध होत नाही. पाऊसही तोवर संपत आला होता, पलंगही भिंतीपासून हलवला होता. पण अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं मार्च 2020 मध्ये याच औषधावर मानसिक दुष्परिणामांची सर्वांत कडक, चौकटीतली सूचना घातली आणि साध्या ॲलर्जिक सर्दीसाठी आधी दुसरे उपाय वापरा असं सांगितलं. बहुतेकांना हे औषध निर्धोक जातं. तरीही आपल्याकडे लेव्होसेट्रिझिन या ॲलर्जीच्या औषधासोबतची त्याची जोडगोळी सर्दीच्या पहिल्या शिंकेला मिळते आणि सोबत ‘झोप, स्वप्नं, स्वभाव यांवर लक्ष ठेवा’ हे एक वाक्य मिळत नाही. याचा मला राग येतो.

घरी करण्याजोगं एक सांगते. ज्याला दमा आहे किंवा असावा असं वाटतं, त्यानं पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकेचा जोर मोजणारी छोटी नळी, घ्यावं. उभं राहून, छाती भरून श्वास घेऊन, एका झटक्यात फुंकायचं. तीनदा, आणि सर्वांत मोठा आकडा लिहायचा. वासानं त्रास झाला त्या वेळचा आकडा आपल्या चांगल्या दिवसाच्या आकड्यापेक्षा 20 टक्के किंवा जास्त घसरला, तर श्वासनलिका आवळली आहे; डॉक्टरांनी लिहून दिलेला पंप घ्या. आकडा नेहमीचाच, पण बोटांना मुंग्या, ओठांभोवती बधिरपणा, सारख्या जांभया आणि उसासे असतील, तर बहुधा श्वास गरजेपेक्षा जास्त घेतला जातोय. तिथं पंपावर पंप मारून बिघडतंच: पंपातल्या साल्ब्युटामॉल या औषधानं हात थरथरतात, धडधड वाढते, ती धडधड दम्याची समजून माणूस पुन्हा पंप ओढतो. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज बसला, तर मीटर शोधत बसायचं नाही, थेट कॅज्युअल्टी गाठायची.

एकाच माणसाला एकाच संध्याकाळी श्वासनलिका आवळणं आणि जास्तीचा श्वास, दोन्ही होऊ शकतं. म्हणून छातीच्या डॉक्टरांची चिठ्ठी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांची यांना. दोघांच्या गोळ्या एकाच कागदावर, प्रत्येकीपुढे सुरू केल्याची तारीख.